पवनारचा शब्द आणि नागपूरचा निकाल

मागे आणीबाणीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पुण्याच्या भाचीची मेल आली. "मामा, तुमच्या विनोबांनी आणीबाणीला 'अनुशासन पर्व' म्हटलं होतं ना? मग त्यावर का लिहीत नाही?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पवनारकर या प्रश्नाला सरावलेले आहोत. आश्रम बघायला आलेला शिकलासवरलेला पाहुणा ब्रह्मविद्या मंदिर बघतो, धाम नदीतली छत्री बघतो, भरतभेटीच्या शिल्पापुढे हात जोडतो आणि जाता जाता हळूच हाच प्रश्न विचारतो. तेव्हा उत्तर देतो. पण उत्तर नीट द्यायचे तर पवनारहून निघून नागपूरला जावे लागते. अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर, पण वाटेत बरेच काही लागते.

आधी तो शब्द. विनोबांचे २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन चालू होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा ते बोलत नव्हते, जे सांगायचे ते लिहून. वसंतराव साठे भेटायला आले, त्यांच्यापुढे विनोबांनी 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द लिहिले. महाभारतातले हे तेरावे पर्व. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला राजधर्म, दानधर्म सांगतात ते. शब्दापुढे प्रश्नचिन्ह होते, की नुसताच शब्द होता, की ते महाभारताबद्दलच काही सुचवत होते, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. सरकारने मात्र वाद घातला नाही. शब्द उचलला आणि भिंतीवर लावला. एस.टी. स्टँड, पोस्ट ऑफिस, रेडिओ, जिकडे तिकडे अनुशासन पर्व.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी सुविचाराच्या फळ्यावर हे दोन शब्द कायमचे लिहून ठेवायला सांगितले. "तुम्ही तर पवनारचे, तुम्हीच लिहा," असेही म्हणाले. अक्षर चांगले असल्याचा तोटा, दुसरे काय!

२५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटले आणि विनोबांनी आपल्या शब्दाचा अर्थ सांगितला. शासन असते सत्तेवर बसलेल्यांचे आणि अनुशासन असते आचार्यांचे, निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष माणसांचे. लोकांनी आचार्यांच्या अनुशासनाने चालावे, आणि शासनाने आचार्यांच्या मार्गदर्शनाला विरोध केला तर त्याविरुद्ध सत्याग्रहाची वेळ येईल, असा त्याचा आशय. म्हणजे भिंतीवरच्या अर्थाच्या जवळजवळ उलट. हा अर्थ मात्र कुठल्या भिंतीवर लागला नाही.

ते नुसता अर्थ सांगून थांबले नाहीत. जानेवारी १९७६ मध्ये इथे पवनारला आचार्य संमेलन भरले. श्रीमन्नारायणांनी पुढाकार घेतला. कुलगुरू, लेखक, कायदेपंडित अशी मंडळी जमली. त्यांनी एकमताने निवेदन काढले. सौम्य भाषा, पण मागणी स्पष्ट: वातावरण निवळावे, स्थानबद्धांना सोडावे, परिस्थिती पूर्वपदावर यावी. दिल्लीने ते निवेदन ऐकून घेतले असेही म्हणता येणार नाही. बाजूला ठेवले, एवढेच.

आणि मग त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलीस आश्रमात आले. गोवधबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषण करण्याचा विनोबांचा निर्णय आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापला होता. ते अंक पोलिसांनी जप्त केले. ज्यांचा शब्द सरकारने भिंतोभिंती लावला, त्यांचेच मासिक सरकारने उचलून नेले. भाचीला माझे पहिले उत्तर हे.

पण माझा आजचा विषय त्याच्या पुढचा आहे.

विनोबांचे एक आवडते म्हणणे होते आणि शिक्षक म्हणून ते मी जन्मभर मनात बाळगले. १९६८ साली बिहारमध्ये त्यांनी आचार्यकुल सुरू केले, त्याच्या मुळाशी हेच म्हणणे होते. शिक्षण सरकारपासून स्वतंत्र हवे, अगदी न्यायखात्यासारखे. लोक म्हणत, पगार सरकार देणार आणि शिक्षक स्वतंत्र राहणार, हे कसे जमायचे? विनोबा न्यायाधीशाकडे बोट दाखवत. त्याचा पगारही सरकारच्याच तिजोरीतून येतो, तरी तो सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो आणि सरकारला तो मानावा लागतो. मग शिक्षकालाच तेवढे का नको?

ऐकायला किती सरळ वाटते! पण या युक्तिवादाचा सगळा भार एका गृहीतावर आहे. न्यायाधीश स्वतंत्र आहे, तो प्रश्न सुटलेला आहे, हे ते गृहीत. १९६८ साली तसे वाटणे स्वाभाविक होते. पुढच्या आठ-नऊ वर्षांत काय झाले ते पाहिले की कळते, पाया आपण समजत होतो तेवढा भरलेला नव्हता.

थोडे विषयांतर करतो, मास्तरकीची खोड. आमचे पवनार म्हणजे वाकाटकांचे प्रवरपूर, असे महामहोपाध्याय मिराशींनी दाखवून दिले. दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात चम्मक इथे सापडला, तो प्रवरपुराहूनच दिलेला आहे. हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा तो पट. दान चंद्रसूर्य असेपर्यंत, पण पुढे अटी आहेत: राज्याशी द्रोह करायचा नाही, लढाई करायची नाही, चोरी, ब्रह्महत्या वगैरे नाही. तसे केले आणि राजाने जमीन काढून घेतली, तर राजाला चोरीचा दोष नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर वर्गात सांगताना मला नेहमी गंमत वाटे. दान द्यायचे, पण दोरी हातात ठेवायची.

आपल्या घटनाकारांनी न्यायाधीशांच्या बाबतीत ही दोरी कापायचा प्रयत्न केला. पगार संचित निधीतून, त्यावर संसदेचे मतदान नाही. काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत हवे. न्यायाधीशाच्या न्यायदानातील वागणुकीवर सभागृहात चर्चासुद्धा करता येत नाही, फक्त काढण्याच्या प्रस्तावावेळी येते. एवढा बंदोबस्त. पण तीन दोऱ्या राहून गेल्या: नेमणूक, बढती आणि बदली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या कोणालाही या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पहिली दोरी ओढली गेली १९७३ साली. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. लगोलग सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केले. तिघांचाही निकाल सरकारच्या विरोधात गेला होता. तिघांनी राजीनामे दिले. कोणाला काढले नाही, कोणाचा पगार कापला नाही. घटनेच्या अक्षराला कुठे धक्का नाही!

विनोबांना शिक्षक न्यायाधीशाच्या पायरीवर न्यायचा होता. राज्यकर्त्यांनी न्यायाधीशालाच शिक्षकाच्या पायरीवर आणून बसवले. साहेबाची मर्जी सांभाळा, नाहीतर पुढच्या यादीत नाव नाही.

तरी १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी खुद्द पंतप्रधानांची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २५ जूनच्या रात्री आणीबाणी. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की जीवित आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कासाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर. हे शेवटचे कलम नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केले, निवडणूक मात्र वैध ठरवली.

आता नागपूर. सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत विदर्भातल्या प्रत्येक कज्जेदलालाला पाठ असते. १९३६ साली नागपूरला हायकोर्ट झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हायकोर्ट मध्य प्रदेशाबरोबर जबलपूरला गेले आणि नागपूरला मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ राहिले. आमच्या जुन्या वकिलांना याचे शल्य फार. "आमचं हायकोर्ट नेलं हो," असे ते लग्नघरातून मुलगी पळवल्यासारखे सांगत. पण त्या हायकोर्टाची एक आठवणही ते सांगत. १९४२ च्या आंदोलनात सरकारने माणसे विनाचौकशी कोंडली, तेव्हा न्या. व्हिव्हियन बोस यांनी प्रभाकर तारे यांच्या प्रकरणात अशी भूमिका घेतली की युद्धकाळातसुद्धा अटक कायदेशीर आहे की नाही हे पाहण्याचा हायकोर्टाचा अधिकार संपत नाही. राज्य ब्रिटिशांचे, युद्ध दाराशी आलेले. आष्टी-चिमूर आमच्याच भागातले, तेव्हा इथले वातावरण काय असेल याची कल्पना करा.

१९७५ मध्ये मिसाखाली माणसे पुन्हा विनाचौकशी आत गेली. त्यांच्या घरच्यांनी हायकोर्टात अर्ज केले. सरकारचे म्हणणे एकच: राष्ट्रपतींचा आदेश आहे, अर्ज ऐकायचाच नाही, दारातूनच परत पाठवा. अनेक हायकोर्टांनी हे मानले नाही. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश आणि मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ. त्यांनी म्हटले की आणीबाणी आहे हे मान्य, पण स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे का, दुष्ट हेतूने काढला आहे का, हे आम्ही पाहू. यादीत जबलपूरही आहे आणि नागपूरही. १९५६ ला ज्याचे दोन भाग झाले त्या जुन्या नागपूर हायकोर्टाचे दोन्ही वारस एकाच बाजूला उभे राहिले. हा योगायोग असेल. मला त्याचा आनंद होतो.

मुंबईतही त्या काळात ताठ कण्याचे निकाल लागले. आणीबाणीतील नागरी स्वातंत्र्यावर वकिलांना बंद सभागृहात सभा घ्यायची होती, पोलीस आयुक्तांनी मनाई केली. हायकोर्टाने ती मनाई रद्द केली. मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरला त्याच्या मर्यादा दाखवल्या. सरकारवर टीका केली म्हणून मजकूर आपोआप आक्षेपार्ह होत नाही, असे त्याचे सार.

पवनारचे संमेलन जानेवारीतले, हा निकाल फेब्रुवारीतला. मी ही दोन कागदपत्रे नेहमी शेजारी ठेवून पाहतो. पवनारला जमलेली माणसे लहान नव्हती, त्यांच्या निवेदनामागे विनोबांचे तप होते. पण ते सरकारने नुसते टेबलावर पडू दिले आणि काही बिघडले नाही. हायकोर्टाचा निकाल तसा टेबलावर पडू देता येत नाही. एक तर माणूस सोडावा लागतो, नाहीतर वर अपील करावे लागते. नैतिक अधिकार आणि घटनात्मक अधिकार यांतला हा फरक आहे आणि विनोबांच्या विचारात तो कुठेतरी निसटला, असे मला वाटते. आश्रमातल्या काही वडीलधाऱ्यांना हे माझे म्हणणे पटत नसे. त्यांचे म्हणणे, कोर्टही शेवटी दंडशक्तीच. असो.

सरकारने अपील केले. जबलपूरच्या प्रकरणाचे नाव पुढे आले, म्हणून तो खटला 'ए.डी.एम. जबलपूर' म्हणून ओळखला जातो. पाच न्यायमूर्ती होते: रे, खन्ना, बेग, चंद्रचूड आणि भगवती. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी दाद नाही? उत्तर आले की आणीबाणी आहे तोवर नाही. सरकारी वकिलाने हे भर कोर्टात सांगितले आणि तरीही २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. नागपूरचा निकाल पुसला गेला. एकटे खन्ना वेगळे.

त्या चारांमध्ये यशवंतराव चंद्रचूड होते याचे आपल्याकडे फार वाईट वाटले. मुंबईत वकिली केलेला, विद्वान, मराठी माणूस. त्यांच्याकडून अपेक्षा होती. भीती होती का? पुढे सरन्यायाधीशपदाचा क्रम होता म्हणून का? दुसऱ्याच्या मनातले आपण काय सांगणार. न्या. भगवतींनी २०११ साली तो निकाल चुकीचा होता असे जाहीरपणे मान्य केले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनापेक्षा यंत्रणा पाहावी. १९७३ चे उदाहरण पाचही जणांच्या डोळ्यांपुढे होते. निकाल देताना कोणी फोन करण्याची गरजच नव्हती.

खन्नांना ते उदाहरण दिसत होतेच. आपल्या या निकालाची किंमत सरन्यायाधीशपद आहे, हे त्यांनी घरच्यांना आधीच सांगितले होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

हायकोर्टांचे काय? तिथे दुसऱ्या दोन दोऱ्या वापरल्या गेल्या. १९७६ मध्ये सोळा न्यायाधीशांच्या एकदम बदल्या झाल्या. आमचे न्या. विमदलाल मुंबईहून आंध्रला. आणि मुंबई हायकोर्टाचे एक अतिरिक्त न्यायाधीश होते, उमेश रंगनाथ लळित. राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी तरुणांना जामीन दिला होता. अतिरिक्त न्यायाधीशाला मुदतीनंतर कायम करतात, तशी रीत. त्यांना कायम केले नाही. त्यांनी पुन्हा काळा कोट चढवला आणि सुप्रीम कोर्टात वकिली केली. 'कायम न करणे' ही शिक्षा किती बिनआवाजाची असते! बडतर्फीचा कागद नाही, दोषारोप नाही. शिक्षण सेवकांना विचारा.

मार्च १९७७ मध्ये लोकांनी सरकार बदलले. पुढच्या वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने पक्के केले की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतसुद्धा स्थगित करता येणार नाही. म्हणजे नागपूर खंडपीठ ज्या दिशेने बोलत होते तिकडे घटनाच सरकली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईला न्या. लेंटिन यांनी सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्री अंतुल्यांविरुद्ध निकाल दिला आणि त्यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा आम्ही शिक्षकखोलीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. (पेढे आणणारा सहकारी अंतुल्यांचा चाहता निघाला.)

दोऱ्यांचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९९३ च्या निकालाने नेमणुकांची दोरी सरकारच्या हातून काढून ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, कॉलेजियमकडे गेली. संसदेने नेमणुकांसाठी आयोग नेमणारी घटनादुरुस्ती केली, ती सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द केली. राजकारणी म्हणतात, न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे ही कुठली लोकशाही? प्रश्न चुकीचा नाही. बंद खोलीत कोणाचे नाव का कापले हे लोकांना कळत नसेल तर तीही दोरीच, फक्त हात वेगळा. आणि कॉलेजियमने नाव पाठवले तरी सरकार त्यावर महिनोन्‌महिने बसून राहू शकते. पण ज्याने १९७३ आणि १९७६ पाहिले त्याला ती दोरी पुन्हा मंत्रालयात द्या, असे म्हणवत नाही. मला तरी म्हणवत नाही.

ए.डी.एम. जबलपूरचा निकाल पुस्तकात मात्र तसाच पडून होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना तो स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला. ते लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. वडिलांनी ज्या निकालावर सही केली होती, तो मुलाने चुकीचा ठरवला.

हेच धनंजय चंद्रचूड ९ नोव्हेंबर २०२२ ला सरन्यायाधीश झाले. ज्यांच्याकडून त्यांनी सूत्रे घेतली ते त्यांच्या आधीचे सरन्यायाधीश उदय लळित, म्हणजे १९७६ साली ज्यांना कायम केले नाही त्या उमेश लळितांचे चिरंजीव. २७ ऑगस्ट २०२२ ला उदय लळितांचा शपथविधी झाला तेव्हा वडील समोर बसलेले होते, वय नव्वद. शपथ झाल्यावर मुलगा खाली आला आणि त्यांच्या पाया पडला.